आवडाबायची काठी

डोंगरात बांबूची बेटं आजच्याहून दाट होती, त्या काळी हेळेवाडीत आवडाबाय राहायची. तिचा नवरा साप चावून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती.

चैत्रात, पेरणीआधी शेत भाजायला बायका रानातली गळलेली पानं, म्हणजे पातेरा, गोळा करत. ढिगावर काठी आडवी ठेवली की तो ढीग त्या बाईचा. मग कोणी त्याला हात लावत नसे.

एका सकाळी आवडाबायला बेटात गुडघाभर उंचीचा आयता ढीग दिसला. वर काठी नव्हती. तिनं दोन्ही हात पानांत घातले आणि समोरून भुजंग उभा राहिला, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढा. कुत्र्यासारखा गुरगुरला, पण चावला नाही.

तिची हाक ऐकून वाडीतले लोक ढीग जाळायला चुडी, म्हणजे झावळ्यांच्या मशाली, पेटवून आले. धाकट्या दिरानं विचारलं, "वैनी, दादाक इसारलात?"

"नाय इसराक. माझे दोनय हात पानांत होते. चावलो कित्याक नाय, ता माका बघूचा आसा."

एवढं बोलून ती पुढे गेली आणि आपली काठी ढिगावर ठेवली. भुजंगानं त्या काठीवर मान टेकली, असं म्हणतात. ढीग आता आवडाबायचा झाला होता. चुडी विझल्या.

दोन महिने आवडाबाय लांब फणसाखाली बसून राहिली. तो भुजंग म्हणजे मादी होती; वाऱ्यानं पानं उडाली की ती अंगाचा वेढा घालून पुन्हा ओढून घेई. पानांखाली अंडी होती. बेडूक, उंदीर जवळून जात. ती ढुंकून बघत नसे. तिचं खाणं म्हणजे दुसरे साप, आणि तेवढ्यासाठीही ती हलली नाही. असं म्हणतात, की त्या दिवसांत आवडाबायही पेजेवरच राहिली.

मग एक दिवस मादी ढिगावरून उतरली आणि निघून गेली. आवडाबायला कोडं पडलं. दुसऱ्या दिवशी अंडी फुटली, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं बाहेर आली. साप खाणारी ती, दोन महिन्यांची उपाशी. पिल्लं नजरेला पडायच्या आत ती लांब गेली होती.

दिरानं विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, "तिका चावूचा नव्हता. राखूचा होता."

हेळेवाडीत आजही चैत्रापासून मृगापर्यंत बेटाजवळच्या वाटेनं कोणी जात नाही. लग्नाचं वऱ्हाडसुद्धा ओढ्याकडून वळसा घालतं. नवखा कोणी कुरकुरला, तर त्याला हळू आवाजात सांगतात, आवडाबाय बघत बसली आहे.