पाठराखणीचा निवाडा

सोनगिरी नावाचं एक चिमुकलं डोंगरी राज्य होतं. लुटारूंनी त्याला वेढलं, तेव्हा शेजारच्या बलाढ्य सम्राटाने फौज आणि धान्याच्या गाड्या पाठवल्या. सोनगिरी वाचली. पण लुटारू पळाले तरी सम्राटाचा सेनापती धैर्यसिंह काही हलेना. "आम्ही गेलो तर तुमचं कसं होणार?" म्हणत त्याने गडाच्या किल्ल्या स्वतःच्याच कमरेला लावल्या. एवढे उपकार झालेले, राजाला 'जा' म्हणवेना.

राजाची नवी सून सगुणा फारशी बोलत नसे. एकदा भर दरबारात तिने पदर सावरून धैर्यसिंहापुढे हात जोडले.

"काका, एक निवाडा करा. माझी पाठराखीण म्हणून माहेरहून भागीमावशी आल्या. परक्या घरात त्यांचाच धीर होता. आता मी रुळले, पण त्या जायचं नाव काढत नाहीत. कोठीच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच."

धैर्यसिंह खो खो हसला. "अगं पोरी, सून रुळली की पाठराखणीचं काम संपलं! साडीचोळी कर आणि मानाने पाठव."

सगुणाने शेला-पागोट्याचं तबक पुढे केलं. "मावशी कधीच परत गेल्या, काका. हा मान तुमचा. तुम्ही आलात म्हणून आम्ही जिवंत आहोत. आता आम्ही रुळलो."

धैर्यसिंह ओशाळला, मग हसला आणि त्याने किल्ल्या तबकात ठेवल्या.

"आणि धान्याच्या गाड्या? त्याही नेऊ?"

"माहेरच्या शिदोरीला कोणती सून नको म्हणते?"

फौजेला निरोप द्यायला सारी सोनगिरी वेशीपर्यंत गेली, आणि सगळ्यांचे डोळे खरोखरच भरून आले.