उरलेल्या तीन गाठी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका, कारण कुसळवाडीनं वर्षं कधी मोजून ठेवली नाहीत. मोजल्या त्या फक्त गाठी, आणि त्याही पुऱ्या होऊ दिल्या नाहीत. लहानांनी ऐका आणि थोरांनी जास्त ऐका, कारण यात जे वाईट घडलं ते सगळं थोरांनीच केलं.

कुसळवाडी हे माळावरचं गाव. बाभळी, दगड आणि वारा. गावाच्या शिवेवर गोजराक्का राहायची. तिला ना नवरा होता, ना मूल. त्याबद्दल कुणी चुकचुकलं की ती फटकन म्हणायची, "माज्या घरात एकवीस खानारी हायती. तू तुज्या दोगांचं बग." तिचा धंदा कुत्री राखण्याचा. मेंढके दूर मुलखाला निघाले की थकलेली कुत्री तिच्या बाभळीच्या कुंपणात ठेवून जायचे. लग्नाला, जत्रेला जाणारे आपलं कुत्रं तिच्याकडे सोडायचे आणि सुगीला पायलीभर जोंधळे घालायचे. ती प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायची. काय खातं? कुणाला भितं? कुठल्या हाकेला येतं? उत्तर आलं नाही, तर म्हणायची, "मंग ह्ये तुजं कसं रं?"

आणि ज्यांना कुणी आणून सोडत नसे, त्यांना ती स्वतः आणायची. गाडीखाली सापडलेली, खरजेनं सोललेली, पोत्यात घालून ओढ्यात टाकलेली. मोडक्या पायाला कामट्या बांधायची, खरजेला करंजाचं तेल चोळायची, गोचिड्या एकेक वेचून राखेत टाकायची. प्रत्येक कुत्र्याचं खाण्याचं मातीचं परळ वेगळं असायचं. विहिरीत पडलेलं पिल्लू तिला तीन कोसांवरून ऐकू यायचं, असं म्हणतात. गावाला मात्र दारातल्या विहिरीतलं ऐकू येत नसे.

आता तिच्या गाठींचं ऐका. कुत्रं माणसाला चावलं, की गोजराक्का त्याला कुंपणात बांधायची आणि वाखाच्या दोरीला रोज पहाटे एक गाठ मारायची. अशा दहा गाठी. चावताना कुत्रं पिसाळलेलं असेल तर ते तेवढे दिवस काढत नाही, हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं होतं. अकराव्या सकाळी कुत्रं उठून भाकरीला आलं, की ती त्या माणसाच्या दारात जायची आणि ओरडायची, "जित्तं हाय! आता पोटभर पानी पी!" आणि तो माणूस बिनघोर व्हायचा.

तर त्या काळी गावचा पाटील होता रंगराव. गोजराक्काची लाडकी कुत्री भुरी माघात व्याली, चार पिल्लं झाली. पाटलाला खळ्यावर राखणीला पिल्लू हवं होतं. अक्का म्हणाली, "डोळं तर उगडू देत. म्हैन्यानं ने." पाटलाला महिना कसला दम निघतो? तो स्वतःच वाकला आणि पिणारं पिल्लू ओढू लागला. भुरी चावली. उजव्या हाताला, चांगली कचकचून चावली. कुठली आई चावणार नाही?

पाटलानं काठी मागवली. गोजराक्का मध्ये उभी राहिली. पाटलाला अरेतुरे करणारी गावात ती एकटीच होती.

"मार," ती म्हणाली. "आन् मंग जलमभर इचारत बस, कुत्री बरी हुती का पिसाळल्याली. ह्ये तुला सांगनारी एकटी तीच हाय, रंगराव. तिलाच मारलंस तर कोन सांगंल?"

पाटील चपापला. मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर त्यानं दहा दिवसांचा शब्द दिला. गोजराक्कानं भुरीला पिल्लांसकट खुंट्याला बांधलं आणि दुसऱ्या पहाटे पहिली गाठ मारली.

रोज सकाळी पाटलीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. भुरी भाकरी खायची, लपालपा पाणी प्यायची, पिल्लांना पाजायची. बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या, "ब्येस हाय कुत्री. तुमी घोर लावून घेऊ नगा." एक गाठ, दोन गाठी, सात गाठी झाल्या.

सातव्या दिवशी पाटलाकडे त्याचा व्याही आला. दाढीला तेल लावलेला, सगळ्यातलं सगळं कळणारा. तो म्हणाला, "आवं, चावनारं कुत्रं जित्तं हाय तंवर त्येचं इख चढत ऱ्हातंय. कुत्रं मेलं की इख उतारतं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ह्ये." झालं! सात दिवस बायको डोळ्यांनी बघून सांगत होती ते खोटं, आणि घटकाभरापूर्वी आलेला व्याही खरा.

भर दुपार होती. शेजारच्या वस्तीवर एका कुत्र्याच्या घशात हाड अडकलं होतं, ते काढायला गोजराक्का गेली होती. पाटलाचे चार गडी काठ्या घेऊन कुंपणात शिरले. भुरी बांधलेली होती. तिला पळता आलं नाही. आणि पळता आलं असतं तरी चार पिल्लं सोडून ती कुठे जाणार होती? गाव कुंपणाला टेकून बघत होतं. पारावर शब्द ऐकणारे सगळे तिथे होते. एकानं म्हणे तोंड फिरवलं, आणि त्याचे नातू अजून अभिमानानं सांगतात की आमच्या आज्यानं तोंड फिरवलं होतं. काय शौर्य!

असं म्हणतात, की त्या वेळी वारा थांबला. असं म्हणतात, की बाभळीच्या खोडातून लाल डिंक वाहिला. म्हणणारे तेव्हा कुठे उभे होते, ते मात्र कुणी म्हणत नाही.

गोजराक्का परत आली. ती रडली नाही. तिनं सात गाठींची दोरी कमरेला खोचली, चार पिल्लं पदरात घेतली आणि पारावर येऊन उभी राहिली.

"मी बांदली म्हनून ती पळाली न्हाई," ती म्हणाली. "माज्या हातानं बांदली, तुमच्या शब्दावर. आता ह्या गावात बांदायला कुत्रंच ऱ्हानार न्हाई."

ती माळाकडे चालू लागली. कुंपणातली वीस कुत्री तिच्या मागे निघाली. मग गावातली निघाली. साखळदंडाची होती त्यांनी साखळ्या तोडल्या, आंधळी होती ती वासावर गेली. दिवस मावळायच्या आत कुसळवाडीत एक भुंकणं उरलं नाही. भुरीच्या पिल्लांना वर माळावर एका शेळीनं पाजलं, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. शेळीला तेवढी अक्कल असते.

इकडे पाटलाच्या हाताची जखम भरली. पण माणसाच्या मनात किडा वळवळू लागला. भुरी बरी होती की पिसाळलेली? तांब्या तोंडाला लावला की हात थरथरायचा. थरथरला की वाटायचं, आलंच आता. पाण्याकडे बघितलं की आत भुरीचं तोंड दिसायचं. विहिरीत तेच, हंड्यात तेच, पळीभर तीर्थातही तेच. शेवटी तो माळावर गेला.

"अक्के, एवडंच सांग. बरी हुती न्हवं ती?"

गोजराक्कानं कमरेची दोरी काढून त्याच्यापुढे धरली. "ह्या सात गाठी सात दिसांचं सांगत्यात. फुडल्या तिनांचं मी कुठनं आनू? तूच मारलंस त्येंस्नी."

ती एक शब्द बोलली असती तर पाटील जगला असता, असं काही शहाणे म्हणतात. या शहाण्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की खोटं बोलून धीर द्यायचा तो धंदा व्याह्याचा, गोजराक्काचा नव्हे. पाटील वर्षभर ताकावर राहिला, मग तेही सुटलं. तो कुत्रं चावून मेला नाही. तो पाण्यावाचून मेला, भरल्या विहिरीच्या काठावर.

बारा वर्षं कुसळवाडीत कुत्रं टिकलं नाही. बाजारातून पिल्लू आणावं, तर ते शिवेवर गाडीतून उडी टाकायचं. लांडग्यांनी मेंढरं नेली, चोरांनी कणग्या रिकाम्या केल्या. गाव हळहळलं. बैल गेला आणि झोपा केला.

बाराव्या माघात माळावरून रडण्याचा आवाज आला. गाव वर गेलं. गोजराक्का बाभळीखाली निजल्यासारखी पडली होती आणि भोवती कुत्र्यांचं कडं होतं, तीनशे की तीन हजार, नजर पोचेल तिथवर. एकही गुरगुरलं नाही आणि एकानंही वाट दिली नाही. लोक परतले. पाटलीणबाई एकट्या कड्याबाहेर बसून राहिल्या, अन्नपाण्याशिवाय. पहिल्या पहाटे एक म्हातारं कुत्रं सात गाठींची दोरी तोंडात धरून आलं आणि त्यांच्या मांडीवर टाकून गेलं. बाईंनी आठवी गाठ मारली. दुसऱ्या पहाटे नववी. तिसऱ्या पहाटे दहावी. चौथ्या सकाळी कुत्री उठली आणि गावाकडे चालू लागली. बाभळीखाली गोजराक्का नव्हती. नुसती मऊ माती होती, पंजांनी सारखी केलेली.

ती दोरी आज नाही, पण बाभळीखाली दगड आहे. दर माघात कुसळवाडी त्या दगडाला सात गाठींची नवी दोरी बांधते आणि रोज पहाटे एक, अशा उरलेल्या तीन गाठी मारते. ते तीन दिवस गावात कुठल्याही जनावराच्या गळ्यात दावं नसतं आणि कुणाच्या हातात काठी नसते. पाटलानं जे दिवस दिले नाहीत, ते गाव असे दरवर्षी देत बसतं.

चौथ्या दिवशी पाटलाच्या घराण्यातला थोरला पारावर उभा राहून ओरडतो, "भुरी जित्ती हाय!" मग घरी येऊन उंबऱ्याबाहेर परळभर पाणी ठेवतो. गावातलं एखादं कुत्रं आपणहून येऊन ते पीत नाही, तोवर त्या घरात कुणी पाण्याचा घोट घेत नाही. कुत्र्याला हाक मारायची नाही, भाकरी दाखवायची नाही. कधी लगेच येतं, कधी दुपार टळून जाते. घरची सगळी कोरड्या घशानं दाराकडे बघत बसतात.

बसू देत.