दुसरी ओळ लोकांची

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हाच्या राजांची नावेसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. नदीकाठच्या एका गावात एक शाहीर राहत होता. त्याची डफावर थाप पडली की भरला बाजार जागच्या जागी थांबे.

त्या मुलखात गाण्याची एक रीत होती. कडव्याची पहिली ओळ शाहिराने म्हणायची, दुसरी लोकांनी. लोकांनी उचलले ते गाणे जगायचे, बाकीची वाऱ्यावर जायची.

त्याच गावात सिदबा नावाचा कोष्टी होता. लुगडी विणावीत ती त्यानेच. पण बोलताना त्याची जीभ अडखळत असे. आणि बाजाराचा नियम असा की, ज्याचा माल त्यानेच पुकारायचा. सिदबा कपाळावरचा घाम पुसत पुकारायचा, बायका थांबून ऐकायच्या आणि लुगडे घेऊन जायच्या. कुणाचे काही अडत नव्हते.

एकदा शाहिराला गंमत सुचली. बाजाराच्या गाण्यात त्याने एक कडवे घातले:

‘लु-लु-लुगडं घ्या हो बाई,
बोल सरेना, दिवस जाई!’

लोक पोट धरधरून हसले. पुढच्या बाजारी सिदबाने तोंड उघडले मात्र, चारी बाजूंनी दुसरी ओळ उठली. त्याने काही बाजार सोसले. मग तो यायचाच बंद झाला. एक व्यापारी घरून त्याचा माल विकत नेऊ लागला, आणि सिदबाला बोलायचे कारणच उरले नाही.

“अरे, थट्टा ती! एवढं काय मनाला लावून घेतोस?” वाटेत भेटला तेव्हा शाहीर म्हणाला. सिदबा कसनुसा हसला आणि पुढे गेला.

काही वर्षांनी शाहिराला दरबारातून बोलावणे आले. गाणे रंगात आले तेव्हा त्याच्या साथीचा ढोलकीवाला त्याच्या कानाशी लागला, “शाहीर, लुगड्याचं कडवं नको. युवराज अडखळत बोलतात. मुंडकं जाईल!”

शाहिराने उभ्या उभ्या कडवे बदलले:

‘लाल लुगडं घ्या हो बाई,
काठावरती फुलली जाई!’

दरबारात लोक ओळ उचलत नसत, म्हणून दोन्ही ओळी त्यानेच म्हटल्या. राजा खूश झाला. शाहीर खांद्यावर शेला घेऊन परतला.

गावाच्या वेशीवर ढोलकीवाल्याने विचारले, “आता इथंही जाईचंच म्हणायचं ना?”

“इथं कोण युवराज बसलाय?” शाहीर हसला. आणि गावात जुनेच कडवे चालू राहिले.

दिवस सरले. शाहिराचे केस पिकले. एका सकाळी त्याची बायको गेली. सवाष्ण गेली, तिला नेसवायला हिरवे लुगडे हवे होते. शाहीर स्वतः सिदबाच्या दारी गेला.

सिदबाला बातमी आधीच कळली होती. त्याने मागावरून नुकतेच उतरलेले हिरवे लुगडे घडी करून त्याच्या हातांवर ठेवले.

“तिला तुझीच लुगडी आवडायची रे,” शाहीर म्हणाला. “काहीतरी बोल, सिदबा. घरात सगळे रडतायत, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.”

सिदबाचे ओठ हलले. मग त्याचे लक्ष दाराबाहेर गेले. गल्लीत माणसे उभी होती. ओठ पुन्हा मिटले. त्याने नुसता शाहिराच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन शब्दांसाठी जीव आसुसलेला आणि ते शब्द आपणच एके दिवशी गंमत म्हणून मोडून टाकलेले. हे शाहिराला त्या दारात उमगले. लुगडे घेऊन तो घरी आला. बायकोच्या अंगावर ते त्यानेच पांघरले.

सुतक फिटल्यावर तो बाजारात उभा राहिला. “लाल लुगडं घ्या हो बाई,” त्याने म्हटले. लोकांनी जोरात उत्तर दिले, “बोल सरेना, दिवस जाई!”

शाहिराने डफ खाली ठेवला. “ते कडवं वाईट होतं. मीच बांधलं, माझं चुकलं. ते पुन्हा म्हणू नका.”

“म्हातारा ओळ विसरला, म्हणून सारवासारव करतोय!” गर्दीतून कुणीतरी ओरडले, आणि बाजार पुन्हा हसला.

तरी शाहीर सिदबाकडे गेला. “मी सांगितलंय सगळ्यांना. एकदा येऊन तर बघ. मी शेजारी उभा राहतो.”

पुढच्या बाजारी सिदबा आला. लुगडी मांडली, घाम पुसला आणि तोंड उघडले. “लु...”

समोर काही मुले विटीदांडू खेळत होती. मागे वळूनही न बघता त्यांनी सवयीने सूर लावला, “बोल सरेना, दिवस जाई!”

सिदबाने लुगड्यांच्या घड्या घातल्या.

“ही पोरं... म-मला ओळखतसुद्धा नाहीत, शाहीर,” तो म्हणाला. “ह्यांच्यावर रागावू तरी क-कसा?”

गाठोडे उचलून तो चालू लागला. त्यानंतर बाजारात त्याचा पुकारा कुणी ऐकला नाही.

शाहीर मात्र मरेपर्यंत जाईचेच कडवे गात राहिला. दोन्ही ओळी एकट्यानेच म्हणायचा, गर्दीच्या आवाजाखाली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: दुखवणारा शब्द आपल्या गाण्यातून कधीही गाळता येतो, पण दुसऱ्यांच्या तोंडी बसला की तो परत मागता येत नाही, म्हणून चूक कळेल त्याच दिवशी, जिथे हसवले तिथेच, ती कबूल करावी.