परातीतला गोटा

“पण आत्ता का नाही जायचं, ते तरी सांगा!” यशोधनने तिसऱ्यांदा विचारलं.

भाऊंनी नुसतं परातीकडे बोट केलं.

भाऊ मूळचे जुन्नरचे. तीस वर्षांपूर्वी हिमालयात गिर्यारोहण शिकवायला आले आणि या नाळेच्या काठी खोपटं बांधून राहिले. नाळ म्हणजे दोन कातळांमधला बर्फाने भरलेला हा उभा उतार. पुढची वाट त्याच्या पलीकडे. रोज संध्याकाळी भाऊ पितळी परातीत पाणी भरून बाहेर ठेवतात. पहाटे त्यावर गावच्या कुकडी नदीतला एक गोटा ठेवायचा. पाण्यावर धरलेल्या बर्फाने तो पेलला, तर उन्हं यायच्या आत नाळ ओलांडायची. नाही पेलला, तर मुक्काम.

त्या पहाटे गोटा डुबुक करून तळाला गेला. सलग तिसऱ्यांदा. यशोधन, मुग्धा आणि मी, आम्ही तिघं खोपटातच अडकलेलो.

“मी सहा हजार मीटरचं शिखर केलंय, भाऊ. परातीला विचारून नाही केलं.”

“बरं.”

“तीन दिवस नुसते बसलोय. रोज म्हणता, उकाडा वाढलाय, उतार खाली येईल. आला का?”

“नाही आला.”

“मग?”

“म्हणून तर...”

यशोधनने पुढचं ऐकलंच नाही. अकराच्या रणरणत्या उन्हात सॅक चढवली आणि निघालाच!

“पट्टे सैल सोड रे सॅकचे, उतार सुटलाच तर फेकता येईल,” भाऊ मागून म्हणाले.

“घाबरवू नका हो!”

पहिल्या पावलाला गुडघाभर बर्फ, दहाव्याला मांडीभर. वरच्या कातळावरून बर्फाचे लाडू सुटायला लागले, टुणटुण उड्या मारत. मी आणि मुग्धा दारात मोज्यांवर उभ्या. प्रत्येक लाडवाला मी किंचाळत होते.

तो मधोमध पोचला आणि...

धप्प!

अख्खा उतार जागच्या जागी बसला. माझी नखं मुग्धाच्या दंडात रुतली. यशोधन धावला, पडला, रांगला, पुन्हा उठला...

पोचला!

“या गं!” तो पलीकडून दोन्ही हात नाचवत ओरडला. “काऽही होत नाही!”

मुग्धा बूट घालायला वळली. खरं सांगते, मीसुद्धा. जमलं की! त्याला जमलं, मग आपल्याला का नाही?

बूट जागेवर नव्हते. भाऊ त्यांच्यावर बसले होते.

“चहा टाका,” ते म्हणाले.

रात्री आभाळ निवळलं, कडाक्याची थंडी पडली. पहाटे गोटा परातीवर टक् करून वाजला आणि तिथेच राहिला. भाऊंनी तो खिशात टाकला. कालच्या पावलांच्या बऱ्याच वरून त्यांनी आम्हाला एकेकीला भराभर पार नेलं. का एवढं वरून, ते विचारायचं धाडस झालं नाही. बर्फ फरशीसारखा होता.

पलीकडे मेंढपाळांच्या दगडी आडोशातून यशोधन बाहेर आला. ओठ निळे पडलेले, पण हसू शाबूत.

“काय भाऊ? झालं का काही?”

भाऊंनी त्याचे खांदे धरले आणि त्याला मागे वळवलं.

उजेड नुकताच नाळेत उतरत होता. यशोधनच्या कालच्या पावलांच्या जरा वरून, या कातळापासून त्या कातळापर्यंत, एक निळी भेग गेली होती. हात सहज आत जाईल एवढी.

यशोधन बघत राहिला. हसू कधी गेलं, त्यालाही कळलं नसावं.

“भाऊ...” आवाज एकदम लहान मुलासारखा. “मग काल उतार सुटला का नाही?”

भाऊंनी खिशातला गोटा काढला, त्याच्या मुठीत ठेवला, मूठ मिटली.

“डोंगराचं लक्ष नव्हतं.”