झुबकी खारीची परीक्षा

प्राणी-पक्ष्यांच्या संगीतशाळा रानात अजून भरत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. झुबकी नावाच्या खारीला तिथे प्रवेश हवा होता आणि त्यासाठी घुबडसरांची परीक्षा पास व्हायला हवी होती. पान हललं तरी दचकणारी ही झुबकी शेपटीत तोंड खुपसून दिवसभर घोकत बसायची, "तबला, सुतारपक्षी. सारंगी, ढवळनाथ बगळे."

नेमका त्याच वेळी खालच्या फांदीवर एक म्हातारा बगळा तारांवर गज ओढायला बसायचा.

"अहो आजोबा, थांबवा ना ते! परीक्षा आहे माझी."

"बरं गं बाळा," म्हणत आजोबा वाद्य उचलून नदीकाठी गेले.

परीक्षेत सरांनी विचारलं, "सारंगीचे नामवंत वादक?"

"ढवळनाथ बगळे!"

"शाब्बास. आता पडद्यामागचं वाद्य ओळख."

सूर आले आणि झुबकीने कान टवकारले. "सर, नाव नाही येत. पण हे आमच्या खालचे आजोबा आहेत. मीच त्यांना तिथून उठवलं."

पडदा सरकला. "अगं, मीच तो ढवळनाथ," आजोबा हसले. "पुढे वाजवू, की त्रास होतोय?"

"वाजवा ना," ती कशीबशी म्हणाली. गज पुन्हा तारांवरून फिरू लागला.

"आता तरी वाद्याचं नाव सांग," सर म्हणाले, "नाहीतर प्रवेश नाही हं!"

"थांबा हो सर," झुबकी म्हणाली, "एवढं संपू दे."