उजेडाला धरलेली भाकरी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की डोंगरातल्या ज्या लेण्यांत आज आपण वटवाघळं बघून येतो, तिथे तेव्हा माणसं राहत होती, सकाळी झाडलोट करत होती, ध्यानाला बसत होती. अशाच एका डोंगरावर भिक्खुणींचा विहार होता.

डोंगरापासून दिवसभराच्या वाटेवर, एका गावात तानाई नावाची बाई राहायची. घरात मुलगा, सून राही आणि तीन वर्षांची नात सोनकी. तानाई मनाने वाईट नव्हती हो! पण जिभेला हाड नव्हतं. आणि भाकरीचा विषय निघाला की विचारूच नका. तिच्या स्वतःच्या हातची भाकरी टम्म फुगायची, पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटायचा. म्हणून सुनेने वाढलेली प्रत्येक भाकरी ती आधी उजेडाला धरून पाहायची. कुठे कच्ची दिसली, कुठे करपलेली दिसली, की दिली अंगणात भिरकावून. त्या घरच्या कोंबड्या भलत्याच गुबगुबीत होत्या.

एके दिवशी घरात पाहुणे आले. राहीच्या अंगात ताप होता, तरी ती चुलीपुढे बसली. पहिलीच भाकरी करपली. तानाईने ती भरल्या पंगतीतून अंगणात फेकली आणि वर म्हणाली, "हिच्या आईने हिला शिकवलं तरी काय?"

 पाहुणे जेवून गेले, तसं राहीने सोनकीला कडेवर घेतलं आणि माहेरची वाट धरली. नवरा आणायला गेला तर म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण त्या घरात मी आता भाकरी थापणार नाही."

घर अगदी गप्प झालं. मुलगा खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. 'आजी, आजी' करत पदर ओढणारं कुणी उरलं नाही. तानाईला स्वतःच्याच हातची फुगलेली भाकरी गिळवेना. पण सुनेपुढे जाऊन चुकले म्हणायचं? छे! त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.

शेवटी 'मनाला शांती हवी' असं सगळ्यांना सांगून ती विहारात गेली. राहीचं माहेर नेमकं त्याच डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत होतं. वरून कधी लांबून तरी नात दिसेल, असा म्हातारीचा बेत होता.

थोरल्या भिक्खुणीने तिला मातीचं भिक्षापात्र दिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्यांनाही हाच नियम. दहा दिवस बोलायचं नाही. रोज सकाळी आमच्यासोबत खालच्या वाडीत भिक्षेला यायचं. दारात उभं राहायचं, नजर खाली ठेवायची, दहा श्वास मोजायचे. पात्रात पडेल ते मुकाट्याने खायचं. काही पडलं नाही तर पुढच्या दारी जायचं."

तानाईने चमकून वर पाहिलं. "खालच्या वाडीत? एखादं दार वगळलं तर नाही का चालणार?"

"दार वगळलं तर त्या घराचा अपमान होतो," थोरली म्हणाली. मग जरा हसून म्हणाली, "तानाई, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?"

पहिल्या दिवशी कुणी आंबील दिली, कुणी पिठलं, कुणी नुसता कांदा. सगळं एकाच पात्रात! मग राहीच्या माहेरचं दार आलं. तानाई नजर खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात पैंजण वाजले आणि सोनकी येऊन तिच्या पायांना बिलगली.

"आजी! आई, आजी आली! आजी, बोल ना!"

आजीने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतलं पाणी टपटप पात्रात पडलं.

आतून राही आली. सासूला पाहून ती उंबऱ्याशीच थबकली. दहा श्वास झाले. राहीने सोनकीला उचललं आणि आत गेली. तानाईचं पात्र पुढच्या दारी गेलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी पावलं वळवून पळून जावं असं तानाईला वाटलं, पण दार वगळायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी, नववा श्वास चालू असताना, पात्रावर एक हात आला. नजर खाली होती, म्हणून तानाईला तेवढा हातच दिसला. बोटांवर चटक्यांचे डाग होते. काही जुने, काळपट. अंगठ्याशी एक लांब व्रण.  त्या हाताने पात्रात भाकरी ठेवली आणि तो मागे गेला.

विहारात येऊन तानाईने ती भाकरी काढली. एका बाजूने करपली होती. सवयीने तिचा हात उजेडाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो अंगठ्याचा व्रण कुठला? आपल्याच घरच्या तव्याचा. किती भाकऱ्या आपण उजेडाला धरल्या, पण त्या थापणारा हात एकदाही पाहिला नाही! ती भाकरी तिने रडत रडत, कणही न सांडता खाल्ली.

पुढे रोज त्या दारी भाकरी मिळाली. दहा दिवस सरले, मौन सुटलं. अकराव्या सकाळी तानाई एकटीच खाली उतरली. राही भाकरी घेऊन बाहेर आली, तर सासूच्या हातात पात्र नव्हतं.

"राही, चुकले मी," तानाई म्हणाली. "भाकरीत खोट शोधत बसले. तुझे हात भाजत होते, ते दिसले नाहीत मला."

 राहीने विचारलं, "मी परत आले, आणि पुन्हा भाकरी अंगणात गेली तर?"

"तर तू पुन्हा इथे ये. मी पुन्हा पात्र घेऊन दारात उभी राहीन."

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी आत या," ती म्हणाली. "ऊन तापलंय."

राही परत आली. येताना तानाईने थोरलीकडून ते मातीचं पात्र मागून आणलं आणि फडताळात ठेवलं.

आता जित्याची खोड ती, लगेच कशी जाईल? महिन्याभराने एक भाकरी करपली. तानाईने ती उचलली, उजेडाला धरली. राहीचे हात काटवटीतल्या पिठात थांबले. मुलाचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात सोनकी म्हणाली, "आजी, तुझं पात्र आणू?"

 तानाईच खो खो हसत सुटली आणि चुलीपुढून राहीही. तानाईने भाकरी ताटात ठेवली, वर ठेचा घेतला आणि म्हणाली, "राही, पुढची मी थापते. तू बस जेवायला."

त्या घरच्या कोंबड्या तेवढ्या पुढे जरा रोडावल्या.

बोध इतकाच: अन्नाला नावं ठेवण्याआधी ते वाढणाऱ्या हाताकडे पाहावं.