गुंडीचं डबकं आणि नटवलेलं घर

शिरा बघू कुशीत. पाय नका हलवू. हं, आता ऐका.

एक होती बेडकी. केवढी? बाबांच्या शर्टाच्या गुंडीएवढी! म्हणून तिचं नावच पडलं गुंडी.

गुंडी राहायची एका घराच्या मागच्या अंगणात. तिथं होता एक नळ. नळ होता गळका. टप! टप! टप! थेंब पडायचे, खाली डबकं साचायचं. केवढं डबकं? वाटीएवढं. पण गुंडीला तेवढं पुष्कळ झालं. सकाळी डुबुक. दुपारी डुबुक. संध्याकाळी पुन्हा डुबुक. नुसती चंगळ!

एक दिवस घराला पाटी लागली. "घर विकणे आहे." घरातली माणसं दूरच्या गावी राहायला गेली. मग आली शालनमावशी. शालनमावशीचं काम काय? विकायची घरं नटवायची! रिकाम्या घरात ती गालिचा अंथरायची. पडदे लावायची. फुलं ठेवायची. म्हणजे बघायला येणारी मंडळी म्हणणार, "अगंबाई, किती छान!" मावशी मनानं वाईट नव्हती हो. तिला टापटिपीची भारी हौस, एवढंच.

मावशीनं नळ बघितला. टप! टप! टप!

"छे छे छे! गळका नळ? असलं घर कोण घेईल?"

प्लंबरकाका आले. पाना लावला. कर्रर्र! नळ गच्च आवळला. आता टप नाही की टिप नाही. वरून ऊन पडलं. डबकं गेलं आटून.

गुंडी बसली कोरड्या मातीत. पाठ लागली तडतडायला. पाणीच नसलं तर बेडकीनं जगायचं कसं? सांगा बरं! गुंडीला आलं रडू. पण रडत किती बसणार? ती उठली आणि निघाली. टुण टुण टुण.

गेली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, सूट ना!
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

नळ म्हणाला, "मी नाही सुटणार, जा! खाली बादली आली तर मी सुटेन."

गुंडी निघाली. टुण टुण टुण.

बादली होती जिन्याखाली. मावशीनं लपवली होती तिला. अडगळ दिसायला नको ना!

"बादलीताई, बादलीताई, ये ना!
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

बादली म्हणाली, "मी नाही येणार, जा! इथं गारेगार झोप लागलीय. झाडानं पाणी मागितलं तर मी येईन."

गुंडी निघाली. टुण टुण टुण.

दाराशी होती मोठी कुंडी. कुंडीत झाड. हिरवंगार! चकचकीत! एक पान म्हणून पिवळं नाही.

"झाडोबा, झाडोबा, पाणी माग ना!
बादली येईना,
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

झाड म्हणालं, "मी नाही मागणार, जा! मला तहानच लागत नाही. मी प्लास्टिकचं. मी आपलं दिसायला ठेवलेलं. मावशीनं मला उचललं तर इथं खरं झाड येईल. ते मागेल पाणी."

प्लास्टिकचं! गुंडीनं पानाला जीभ लावून बघितली. शी! नुसती धूळ. काय करणार? निघाली. टुण टुण टुण.

शालनमावशी होती पुढच्या खोलीत. उशांना थोपटत होती. धप धप धप.

"मावशी, मावशी, झाड उचल ना!
झाड मागेना,
बादली येईना,
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

मावशी म्हणाली, "मी नाही उचलणार, जा! एवढा जीव तोडून घर नटवलंय मी. घर घ्यायचं मंडळींचं ठरलं, तर मी उचलेन. तोवर पानसुद्धा हलायचं नाही!"

गुंडी निघाली. आता तिचे पाय दुखायला लागले होते. टुण... टुण... टुण...

घर बघायला आलेली मंडळी होती स्वयंपाकघरात. कोण होते? एक आई, एक बाबा. आई कपाटं उघडत होती, बाबा खिडक्या उघडत होते. खटाक! फटाक! आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. "तुला काय वाटतं?" "तुला काय वाटतं?" "मला काही कळतच नाही बाई!"

"आईबाबा, आईबाबा, ठरवा ना!
मावशी उचलेना,
झाड मागेना,
बादली येईना,
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

आईबाबा म्हणाले, "आमचं नाही ठरणार, जा! किती घरं बघितली, आमची गार्गी कुठंच हसली नाही. जिथं आमचं लेकरू हसणार नाही तिथं आम्ही राहायचं कसं? गार्गी हसली तर आमचं ठरेल."

गुंडी निघाली. पाठ सुकली. जीभ सुकली. टुण... टुण... बसली. पुन्हा उठली. टुण...

गार्गी होती आतल्या खोलीत. तुमच्याएवढीच, बरं का. गालिच्यावर पालथी पडली होती. तोंड उशीत खुपसलेलं. गाल हे एवढे फुगलेले!

"गार्गी, गार्गी, हस ना!
आईबाबांचं ठरेना,
मावशी उचलेना,
झाड मागेना,
बादली येईना,
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

गार्गीनं तोंड वर केलंच नाही. उशीतूनच म्हणाली, "मी नाही हसणार, जा! या घरात सगळं खोटं खोटं आहे. सफरचंद खाल्लं, तर थू! प्लास्टिकचं. पलंगावर बसले, तर धप्प! खाली नुसते पुठ्ठ्याचे खोके. फुलाचा वास घेतला, तर वासच नाही. काहीतरी खरं दिसलं तर मी हसेन!"

खरं? गुंडीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. खरं म्हणजे काय असतं? कुठं असतं? कोणाला विचारायचं? आता विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

गुंडी हळूच म्हणाली, अगदी बारीक आवाजात,

"गार्गी हसेना,
आईबाबांचं ठरेना,
मावशी उचलेना,
झाड मागेना,
बादली येईना,
नळ सुटेना,
डबकं भरेना.
गुंडीनं बसावं कुठं?"

बसायला जागा नाही, उभं राहायला त्राण नाही. तिथं दिसला एक छोटासा पाय. मऊ मऊ. गुलाबी. बिचारीनं होता नव्हता तो जोर गोळा केला आणि मारली उडी.

टुण्ण!

बसली थेट गार्गीच्या पायावर.

"अय्या!" गार्गी उठून बसली. "गार गार काय लागलं?"

बघते तर काय! एवढीशी बेडकी. गळा हलतोय धुक धुक धुक. डोळे मिचकावतेय मिच मिच मिच. गार्गीनं एक बोट लावलं. बेडकीनं पाय झाडला. गुदगुल्या!

"आई! बाबा! ही खरी आहे! खरी खरी आहे!"

आणि गार्गी हसली. खी खी खी! खो खो खो! पोट धरून हसली, गालिच्यावर लोळून हसली. आणि आपली गुंडी? ती तर थक्कच झाली. इकडे तिकडे खरं शोधत होती, आणि खरी होती ती स्वतःच! वेडाबाई कुठली!

आईबाबा आले धावत. मावशीही आली. "अगंबाई, बेडूक!" म्हणून पटकन स्टुलावर चढली. पण बेडकीकडे बघायला वेळ कोणाला? सगळे गार्गीकडे बघत होते.

"हसली गं हसली!" आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ठरलं तर मग," बाबा म्हणाले. "हेच आपलं घर."

गार्गीनं आपली पाण्याची बाटली उघडली. गुंडीच्या पाठीवर पाणी शिंपडलं. शिप शिप शिप. तेवढ्यावर गुंडीचा जीव तगला.

मग काय विचारता! भराभर सगळं मार्गी लागलं.

गार्गी हसली, म्हणून आईबाबांचं ठरलं.

आईबाबांचं ठरलं, म्हणून मावशीनं प्लास्टिकचं झाड उचललं. गालिचा गुंडाळला, पडदे काढले. जाताना गार्गीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "सुखानं राहा गं बाई." बेडकीला मात्र लांबूनच टाटा केलं.

मावशीनं झाड उचललं, म्हणून गार्गीच्या घरचं सामान घेऊन टेम्पो आला. घर्रर्र घर्रर्र! टेम्पोतून उतरलं एक खरं झाड. अळूचं! मोठ्या मोठ्या पानांचं. एक पान फाटकं, एक पान वाकडं. प्रवासानं पार मान टाकली होती त्यानं.

खरं झाड आलं, म्हणून झाडानं मागितलं, "पाणी! पाणी!"

झाडानं पाणी मागितलं, म्हणून बादली आली. जांभई देत आली. ढण ढण ढण.

बादली आली, म्हणून नळ सुटला. सर्रर्रर्र!

नळ सुटला, म्हणून बादली भरली. भरली ती सांडली. सांडलं ते खाली आलं. आणि डबकं? डबकं भरलं!

"गुंडे, आलं बघ पाणी!" गार्गी ओरडली.

डुबुक!

आहाहा! काय बरं वाटलं गुंडीला! पाठ भिजली. पोट भिजलं. नाकाच्या शेंड्यापर्यंत भिजली ती. आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं ओरडली, "डराँव!"

गार्गीनं चपला काढल्या. एक पाय घातला डबक्यात. मग दुसरा पाय घातला. पच पच पच!

"सरक ना गं थोडी," गार्गी म्हणाली.

"बस ना गं, बस," गुंडी म्हणाली.

वाटीएवढं डबकं. त्यात दोघी.

आईनं घरातून हाक मारली. "गार्गे, चल आत! कपडे चिखलानं माखतील!"

गार्गी उठेना.
गुंडी हलेना.
चिखल काही संपेना.
हाका मारून आई दमली,
आणि आपली गोष्ट इथंच थांबली.